वाचून दाखवले, बरोबर आहे

सोमवार, १४ मार्च २०१६

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी मी गारखेड्यात, निवृत्त न्यायाधीश यमुनाबाई देगावकर मॅडमच्या बंगल्याच्या फाटकापाशी उभा राहून रुमालाने बूट पुसत होतो. बोलावले होते दहाला. फाटकावरच्या म्हाताऱ्याला वाटले मी वर्गणी मागायला आलो आहे. बोलावण्याचे पत्र दाखवल्यावर हसला. म्हणाला, चाळीस मिनिटं आधी? असे साक्षीदार आम्हाला मिळाले असते तर कोर्टात एक केस शिल्लक राहिली नसती. त्याचे नाव कडूबा. तीस वर्षे कोर्टात पट्टेवाला होता. निवृत्त झाल्यावर मॅडमनी त्याला इथे बोलावून घेतले. ऐकू कमी येते, आवाज मात्र अजून गल्लीच्या टोकापर्यंत जातो.

मला काम मिळाले आहे. सकाळी गावाहून एसटीने निघालो तेव्हा आईने दही-साखर हातावर दिली होती. आमच्यात असले काही मानत नाहीत, पण आईचे मन मोडवले नाही.

काम असे. मराठवाड्यातल्या महिला न्यायाधीशांची एक संघटना आहे. १९८६ पासून वर्षातून दोनदा त्या जमतात आणि दार लावून एकमेकींशी बोलतात. ते सगळे बोलणे कॅसेटवर घेतलेले आहे. अशा ९६ कॅसेटी. काहींना बुरशी आली आहे, काहींची फीत तुटली आहे. मी त्या साफ करून संगणकावर उतरवायच्या, ऐकून शब्द न् शब्द टंकायचा, आणि नोंदवहीत प्रत्येक कॅसेटचा एकेक रकाना भरायचा. मिनिटाला चार रुपये. औरंगपुऱ्यातल्या दुकानात चार वर्षे मी लग्नाच्या कॅसेटी सीडीवर उतरवत होतो, त्यामुळे फितीचे काम हातात आहे. बारावीला इंग्रजीत गेलो. पण मराठी टंकलेखनात पास आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाची चूक माझ्या हातून होत नाही. मॅडमनी दहा ओळींचा मजकूर सांगून लिहून घेतला, चष्मा लावून वाचला आणि म्हणाल्या, माझ्या लघुलेखकापेक्षा बरं आहे.

संघटनेच्या सचिव मनस्विनी मॅडमही आल्या होत्या. त्या अजून नोकरीत आहेत. त्या तोलून मापून बोलतात. त्यांनी सांगितले की शेवटी मला एका दाखल्यावर सही करावी लागेल : सर्व फिती तपासल्या, काहीही गाळले नाही, काहीही वाढवले नाही. एप्रिलअखेर असा दाखला निर्दोष गेला तर संघटनेच्या ग्रंथालयात कायमची जागा, महिना नऊ हजार. कायमची. मी तो शब्द मनात दोनदा म्हटला.

कामाची खोली बंगल्याच्या मागे आहे. पत्र्याचे छप्पर, वर एक झरोका, टेबल, त्यावर लॅपटॉप, माइक आणि सेलवरही चालणारा टेप, पंखा, कोपऱ्यात माठ. बोलणे गुप्त असल्यामुळे मोबाईल आत न्यायचा नाही, कडूबाकडे जमा करायचा. संध्याकाळी साडेपाचला तो मेन स्विच बंद करतो, दारात उभा राहून कोर्टासारखा तीन वेळा पुकारा करतो आणि मगच कुलूप लावतो. खोली समोर रिकामी दिसत असली तरी पुकारा करतोच. मला हसू आले. तो हसला नाही.

राहायला उस्मानपुऱ्यात चुलतभावाच्या खोलीवर.

खर्च : एसटी भाडे ३८, रिक्षा २०, चहा ७. एकूण ६५.

बुधवार, १६ मार्च

चार कॅसेटी झाल्या. फिरकी पेन्सिलने गुंडाळायची, स्पिरिटने टेपचे हेड पुसायचे, मग एकदाही न थांबता साठ मिनिटे ऐकायचे.

मला वाटले होते कायद्याचे काही असेल. तसे नाही. एक बाई सांगतात, पहिल्या नेमणुकीच्या कोर्टात बायकांसाठी स्वच्छतागृहच नव्हते, म्हणून त्या सकाळपासून पाणी पीत नसत. एक सांगतात, वकील सवयीने सर म्हणत आणि मग आख्खा युक्तिवाद चुकत असे. एकीचे बाळ चेंबरमध्ये फायलींच्या गठ्ठ्यावर झोपायचे. हसतात फार. मीही एकटा हसलो.

यांची एक रीत आहे. कोर्टात साक्षीदाराचा जबाब झाला की तो त्याला वाचून दाखवतात, तो बरोबर आहे म्हणतो, सही नाहीतर अंगठा देतो, आणि मगच त्याला सोडतात. वाचून दाखवल्याशिवाय जबाब पुरा होत नाही. या बायकांनी तीच रीत आपल्या बैठकीत आणली. जिने जे सांगितले ते पुढच्या बैठकीत तिला मोठ्याने वाचून दाखवायचे, शेवटी विचारायचे, आणि तिचे उत्तर त्याच कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर घ्यायचे. म्हणून नोंदवहीत शेवटचा रकाना आहे : वाचून दाखवले, बरोबर आहे. मला ही रीत फार आवडली. असा रकाना सगळ्याच गोष्टींना असायला पाहिजे.

मंगळवार, २२ मार्च

आज चिडचिड झाली. तीन कारणे.

एक, शेजारच्या प्लॉटवर अपार्टमेंट उठते आहे आणि कालपासून बोअर मारायची गाडी आली आहे. सकाळी आठला सुरू होते. साडेसातशे फूट गेले, नुसता धुरळा. हेडफोन घालूनही कान दुखतात.

दोन, मनस्विनी मॅडमनी माझा हिशेब मिनिटामिनिटाने तपासला आणि एका कॅसेटला ५८ च्या जागी ५९ लिहिले म्हणून लाल खूण केली. ती कॅसेट ५९ मिनिटांचीच आहे. मी घड्याळ लावून दाखवले. त्या म्हणाल्या, ठीक. लाल खूण मात्र तशीच आहे.

तीन, माठ. नळाला पाणी पाचव्या दिवशी येते, बंगल्यात टँकर घेतात. कडूबा सकाळी माझ्यादेखत माठ गळ्यापर्यंत भरतो. मी दिवसात चार पेले पितो. संध्याकाळी माठ निम्मा असतो. खाली ओल नाही. कडूबाला विचारले तर म्हणाला, तूच पीत असशील रं, मार्चमधी पत्र्याखाली घोडा पाणी पितो तसं पितंय माणूस. आज मी माठावर आतून पेन्सिलने रेघ मारली आहे.

बुधवार, २३ मार्च

रेघेखाली चार बोटे. खोलीत दुसरे कोणी आले नाही.

मंगळवार, २९ मार्च

चाळीस कॅसेटी पूर्ण. एक्केचाळिसावीपाशी अडलो आहे.

डिसेंबर १९९४ ची बैठक. डबीवर यमुनाबाई मॅडमचेच नाव. बी बाजू कोरी आहे. नोंदवहीत शेवटचा रकाना कोरा आहे. सगळ्या वहीत एवढा एकच. डबीत घडी घातलेला एक पिवळा कागद निघाला. साक्षीदाराच्या भत्त्याची पावती, कोर्टाची, ८ एप्रिल १९८८ ची. साक्षीदाराचे नाव मनकर्णाबाई. येण्याचे भाडे साडेचार रुपये. एक दिवसाचे जेवण पाच रुपये. परतीचे भाडे, यापुढे काही नाही. अंगठ्याची जागाही कोरी.

मॅडमना विचारायला गेलो. त्या गच्चीवर कुंड्यांना भांड्यांचे उरलेले पाणी घालत होत्या. कागद बघितला, परत माझ्या हातात दिला. म्हणाल्या, ही फीत खराब आहे, तसंच लिहा. मी म्हणालो, मॅडम, फीत चांगली आहे, सुरुवात ऐकली. त्या म्हणाल्या, बुद्धभूषण, मी सांगते आहे ना.

आता मी काय करावे? दाखल्यावर लिहायचे आहे की काहीही गाळले नाही. खोटे लिहिले आणि मनस्विनी मॅडमनी कॅसेट लावून बघितली तर जागा गेली. खरे लिहिले तर मॅडमच नाराज. औरंगपुऱ्यातल्या दुकानातून मला काढले ते मालकाने सांगितलेला चुकीचा आकडा माझ्या वहीत निघाला म्हणून. तेव्हापासून मी दुसऱ्याच्या सांगण्यावरून काही लिहिलेले नाही.

गुरुवार, ३१ मार्च

ऐकली. टंकली. एकोणतीस मिनिटे. थोडक्यात लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

१९८८ चा उन्हाळा, दुष्काळ. मॅडम तेव्हा एका तालुक्याच्या कोर्टात होत्या. शुक्रवार होता. विहिरीच्या पाण्यावरून झालेल्या मारहाणीची केस, साक्षीदार मनकर्णाबाई, साठीची, एकटी राहणारी, एसटीने आलेली. तिचा जबाब अर्धा झाला होता. तेवढ्यात निरोप आला की मॅडमच्या क्वार्टरपुढे टँकर उभा आहे, आठवड्यातून एकदाच येतो, घरात लहान मूल. मॅडम उठल्या. पट्टेवाल्याला म्हणाल्या, बाईला बसवून ठेव, आल्यावर वाचून दाखवू. पट्टेवाल्याने बाईला मागच्या साक्षीदारांच्या खोलीत बसवले आणि सांगितले, तीन वेळा पुकारा होईपर्यंत हलायचं नाही.

टँकरवर भांडण झाले, मॅडमना उशीर झाला, त्या कोर्टात परत आल्या नाहीत. पट्टेवाल्याला वाटले बाई गेली असेल. त्याने आत न बघता बाहेरून कुलूप लावले. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, मग रविवार. पत्र्याची खोली.

सोमवारी उघडले तेव्हा बाई बाकावर बसलेली होती. ताठ. दारावर नखांची एकही खूण नव्हती. तिने दार वाजवलेच नव्हते.

कागदोपत्री आवारात उष्माघात असे झाले. कॅसेटवर मॅडमचा आवाज इथे थांबतो. मग त्या म्हणतात, तिला कोणी पुकारलंच नाही. मग बाकीच्या कोणी तरी रडतात. नोंदवहीनुसार नंतरच्या बैठकीला मॅडम आल्या नाहीत, म्हणून वाचून दाखवायचे राहिले.

पट्टेवाला कोण होता हे कॅसेटवर नाही. पण साडेपाचला कडूबा दारात येऊन रिकाम्या खोलीला तीन वेळा पुकारत होता, तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघू शकलो नाही.

शनिवार, २ एप्रिल

मी खराब असे लिहिले नाही. खरी मिनिटे लिहिली. पण शेवटचा रकाना कोरा ठेवून मला पुढची कॅसेट लावता येईना. दोन दिवस हात तिथेच जात होता.

आज दुपारी मॅडम झोपल्या होत्या, बोअरची गाडी डिझेल संपले म्हणून बंद होती. मी रीतीप्रमाणे केले. कॅसेट बी बाजूवर लावली, ध्वनिमुद्रणाचे बटण दाबले आणि सगळा मजकूर मोठ्याने वाचला, स्वल्पविरामासकट. शेवटी विचारले, वाचून दाखवले, बरोबर आहे का? आणि उत्तरासाठी जागा म्हणून दहा सेकंद सोडून बटण बंद केले. मॅडम तिथे नाहीत हे मला माहीत होते. पण रकाना भरला असता.

मग तपासायला म्हणून फीत मागे गुंडाळून ऐकली.

माझा आवाज. माझा प्रश्न. सहा सेकंद शांतता. मग फितीच्या अगदी जवळून, कोरड्या घशाचा आवाज, म्हातारीचा :

व्हय. बरूबर हाय. फुडं लिव.

रविवार, ३ एप्रिल

आज सुट्टी. चुलतभावाला काही बोललो नाही. भूत मानायचे नाही हे आमच्या घरात पाळण्यापासून शिकवलेले आहे आणि मी मानत नाही. जुन्या फितीवर आधीचा आवाज खाली राहतो, तो उठून वर येतो. दुकानात मी हे पाहिले आहे. एका लग्नात दुसऱ्या लग्नाची सनई यायची.

पण बी बाजू कोरी होती. मीच तपासली होती.

मंगळवार, ५ एप्रिल

बी बाजू तीस मिनिटांची असते. फितीची लांबीच तेवढी. आज घड्याळ लावले. सदतीस.

माझे वाचन संपते, तिचे उत्तर येते, आणि त्यापुढे ती सांगत राहते. न थांबता, कोर्टात सांगतात तसे, एकेक वाक्य, लिहिणाऱ्याला वेळ देऊन. मी टंकतो. टंकल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

शुक्रवारी दुपारी साहेब उठून गेल्या. म्या बाकावर बसले. माठ व्हता, रिकामा. पट्टेवाला म्हनला पुकारा झाल्याबिगर हलू नको. म्या हलले नाय. सांजच्याला कुलपाचा आवाज झाला. म्या वाजवलं नाय. कोर्टात आवाज केला तर साहेब आत घालत्यात म्हन्त्यात.

मनस्विनी मॅडमना आजची मिनिटे कळवली. त्यांनी लगेच फोन करून विचारले, साठच्या कॅसेटमध्ये तुम्ही सहासष्ट मिनिटं कुठून आणली? मी म्हणालो, येऊन ऐका. त्या म्हणाल्या, मिनिटाला चार रुपये आहेत म्हणून मिनिटं पिकवू नका. मला रडू आले. कधी एक रुपया वाढवून लावलेला नाही. घड्याळ लावून सांगतो आहे तरी खोटा मीच.

गुरुवार, ७ एप्रिल

चव्वेचाळीस मिनिटे. शनिवारपर्यंतचे सांगून झाले.

माठ सकाळी भरला. अकरा वाजता कोरडा. मी एक पेलाही घेतला नव्हता. आतल्या बाजूला पेन्सिलच्या रेघेवर ओल्या बोटाचा ठसा.

उद्या पाडवा. तीन दिवस सुट्टी. बरे झाले.

सोमवार, ११ एप्रिल

मॅडमना सगळे सांगितले. मला वाटले हाकलतील. त्या खुर्चीत बसल्या. मग एकच विचारले, तिने पाणी मागितलं का? मी म्हणालो, नाही मॅडम. मागत नाही. ती फक्त लिही म्हणते.

मॅडम म्हणाल्या, अठ्ठावीस वर्षं झाली, मी तिला मनात रोज पुकारते रे. पण पुकारा तोंडाने करावा लागतो, आणि तोंडाने माझ्याच्याने होत नाही. मी म्हणालो, मॅडम, तुम्ही खोलीत येऊन तिला एकदा बरोबर आहे, जा असे म्हणा. न्यायाधीशाने सोडल्याशिवाय साक्षीदार सुटत नाही. त्या उठून आत गेल्या.

कडूबाने सांगितले, मॅडम परवा मुलीकडे पुण्याला जाणार. तोही गावी. पाच दिवस बंगला बंद. मलाही गावी जायचेच आहे. चौदा तारखेची जयंती, यंदा एकशे पंचविसावी. आईने पांढरा सदरा शिवून ठेवला आहे. बुधवारी साडेपाचला निघालो तर सहाची गाडी मिळेल. परत आलो की एक्केचाळीस सोडून पुढच्या पंचावन्न संपवायच्या. ठरले.

बुधवार, १३ एप्रिल

दुपारी चार. मॅडम सकाळीच गेल्या. मी बेचाळिसावी ऐकत होतो. मधेच तिचा आवाज आला. बेचाळिसावीवर. कॅसेट बदलली. पंचेचाळिसावीवरही. आयतवारचं राहिलं, म्हणते. रविवारचे लिहून घ्यावे, म्हणजे जबाब पुरा होईल आणि सुटका — दोघांचीही. हेडफोन लावून टंकतो. पाऊण तासाचे काम.

सहा वाजून पाच. पंखा बंद. मेन गेले. दार बाहेरून बंद आहे.

कडूबा पुकारल्याशिवाय लावत नाही. हेडफोन होता, ऐकू आले नसेल. पण मी समोर दिसलो नाही का? टेबल दाराआड आहे.

लॅपटॉपला थोडी बॅटरी आहे. टेबलावरचा माइक चालूच होता, बाहेरचे सगळे त्यात उतरले असेल. ऐकतो.

ऐकले. कडूबाचा आवाज. बुद्धभूषण. पहिला. बुद्धभूषण. दुसरा. आणि तिसऱ्याच्या आधी, माझ्या कानाशेजारी म्हणावे इतक्या जवळून, ती :

गेलं ते. लाव कुलूप.

कडूबा म्हणाला, बरं बाई. त्याला वाटले असेल भांडीवाली.

तिसरा पुकारा झालाच नाही.

गुरुवार, १४ एप्रिल

रात्रभर दार वाजवले. खांदा सुजला आहे. बोअरची गाडी पहाटेच सुरू झाली. नऊशे फूट. मी ओरडतो तो आवाज मलाच येत नाही. मोबाईल कडूबाच्या कपाटात, गावी जायच्या घाईत तो विसरला असेल. चुलतभावाला वाटेल गावी गेलो. आईला वाटेल काम निघाले.

माठात काल सकाळचे दोन पेले होते. एक रात्री प्यालो. दुसरा —

नाही. मी प्यालो नाही.

दुपारी रस्त्याने मिरवणूक गेली. ढोल वाजत होते, निळ्या झेंड्यांची झरोक्यातून नुसती टोके दिसली. स्टुलावर चढून हात बाहेर काढला. कोणी तरी खालून हात हलवला. त्यांना वाटले मी —

शुक्रवार, १५

लॅपटॉप संपला. टेप सेलवर चालतो. बंद केला तरी चालतो. सेल काढून टेबलावर ठेवले. मोजले. चार. टेप चालू आहे.

आयतवारी जीभ तोंडात मावंना. म्या पदर चोखला. त्यात मीठ व्हतं.

वहीत हाताने लिहून घेतो आहे. शब्द विचारावे लागत नाहीत.

पत्रा वाजतो. ऊन्हाने — उन्हाने. उ ऱ्हस्व.

शनिवार

दार वाजवायचे थांबलो आहे. वाजवायचे म्हणून उठलो आणि परत बसलो. ती म्हणाली बस. रागाने नाही म्हणाली. कोर्टात शेजारचा साक्षीदार सांगतो तसे. वाजवून काय व्हतं. पुकारा झाला की उठायचं.

दोन झाले आहेत. एक राहिला.

खोलीत बाक नव्हता. आता आहे.

जबाब पुरा झाला. तिला वाचून दाखवला. आवाज निघत नव्हता तरी वाचला. बरूबर हाय म्हणाली. खाली ओला अंगठा उठला. रकाना भरला. वही आता सगळी — एकही कोरा —

मी म्हणालो, मग आता तुम्ही जा. जाते म्हणाली. कडी वाजली नाही, कुलूप वाजले नाही. बाकावर माझ्याशेजारची जागा गार आहे.

गेली. मला वाटले आता उघडेल.

टेपमधून मॅडमचा आवाज. तरुण. नाव सांगा. वय. धंदा. खरे सांगेन —

सांगितले.

रविवार असावा

पिवळी पावती वहीत ठेवली होती. हिशेब लिहून ठेवतो. चूक नको.

खर्च : सेल चार, ६०. रिक्षा २०. सदऱ्याचे आईला देणे १५०. चुलतभावाचे ४००.
येणे : ४० कॅसेटी, मिनिटे २,३९१, रुपये ९,५६४. एक्केचाळिसावीची मिनिटे मोजता आली नाहीत. वाढत आहेत. लाल खूण करू नये.

पावतीवर नाव बदलले आहे. अक्षर माझेच आहे. शुद्धलेखन बरोबर.

साक्षीदाराचे नाव : बुद्धभूषण साहेबराव.
येण्याचे भाडे : ३८.
एक दिवसाचे जेवण : ५.
परतीचे भाडे :